डबा आणि गोळी: लोहियानगरमधील एका मधुमेही महिलेचे प्रकरण

पुण्याच्या गंज पेठेतील लोहियानगर वस्तीत राहणाऱ्या आणि तीन घरची धुणीभांडी करणाऱ्या बावन्न वर्षांच्या एका मधुमेही महिलेला बारा आठवडे घरपोच शिजवलेला डबा देण्यात आला. तिचा आजार, तिची औषधे आणि तिच्या कामाच्या वेळा या तिन्ही गोष्टी लक्षात घेऊन हा डबा आखलेला होता. एका धर्मादाय दवाखान्याचा मधुमेह विभाग आणि महिला बचत गटाचे स्वयंपाकघर यांनी मिळून चालवलेल्या या कामात मी आहारतज्ज्ञ म्हणून होते. ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे नाव आणि काही कौटुंबिक तपशील गाळले आहेत. आमच्याकडच्या सगळ्याजणी त्यांना मावशी म्हणत, म्हणून येथेही तसेच म्हटले आहे.

मावशींना मधुमेहाचे निदान होऊन नऊ वर्षे झाली होती. आमच्याकडे त्या आल्या तेव्हा उंची १५० सेंटिमीटर, वजन ४३ किलो आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी ९.४ टक्के होती. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्रित गोळी त्या सकाळ-संध्याकाळ घेत होत्या, आणि साखर आटोक्यात येत नाही म्हणून ती गोळी त्याआधी दोनदा वाढवण्यात आली होती. हातात आहाराचा एक छापील कागद होता: भात बंद, बटाटा बंद, साखर बंद, केळी बंद, तळलेले बंद. काय खावे, याची एकही ओळ त्यावर नव्हती. येण्याचे तातडीचे कारण मात्र वाढलेली साखर हे नव्हते. कामाच्या एका इमारतीत जिना पुसताना त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले आणि त्या पायरीवरच बसल्या. जवळच्या दवाखान्यात बोटातून रक्त काढून पाहिले तेव्हा साखर ४८ मिलिग्रॅम भरली. ७० च्या खाली धोका सुरू होतो आणि ५४ च्या खाली तो गंभीर मानला जातो. ज्या रुग्णाची सरासरी ९.४ आहे, तिचीच साखर ४८ वर कशी येते, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर कागदपत्रांत मिळाले नाही, ते घरातल्या भिंतीवर मिळाले. मावशींच्या सुनेला पहिल्या भेटीत ग्लुकोमीटर शिकवून दिला आणि रोज सकाळी उपाशीपोटी व साधारण अकराच्या सुमारास अशा दोन नोंदी ठेवायला सांगितल्या. वेगळी वही न करता तिने त्या दिनदर्शिकेवरच्या तारखांच्या चौकोनात निळ्या पेनाने लिहिल्या, कारण घरचे सगळे हिशेब तिथेच होते: दुधाचा खाडा, गॅसची टाकी लावल्याची तारीख, रेशन आणल्याचा दिवस, संकष्टी, भिशीचा हप्ता. महिना भरल्यावर ते पान पाहिले तेव्हा निराळ्या तपासणीची गरजच उरली नाही. तीनही घरचा पगार पाच तारखेच्या आत हाती येत होता आणि रेशन पहिल्या पंधरवड्यात मिळत होते. त्या दिवसांत सकाळची साखर १९० ते २४० होती. बावीस तारखेनंतर मात्र अकराच्या चौकोनांत ५८, ६४, ६१ असे आकडे दिसत होते. साखरेचा चढउतार घरातल्या धान्याच्या डब्यांच्या चढउताराबरोबर चालला होता.

घराची परिस्थिती अशी होती. मावशी, मुलगा, सून आणि दोन नातू मिळून पाच माणसे. मुलगा मार्केट यार्डात रोजंदारीवर माल उतरवतो. आवक कमी असली की काम नाही आणि काम नाही तर पैसे नाहीत. शिधापत्रिका प्राधान्य कुटुंबाची आहे, पण धाकट्या नातवाचे नाव तिच्यावर अजून चढलेले नव्हते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते आणि गेली काही वर्षे ते मोफत आहे. चार नावांचे वीस किलो तांदूळ-गहू पाच तोंडांत वाटले तर माणशी दिवसाला १३३ ग्रॅम येतात. ही मदत मोलाची आहे, यात शंका नाही. ती नसती तर महिन्याचा दुसरा आठवडाही निघाला नसता. परंतु ते केवळ तृणधान्य आहे. डाळ, तेल, भाजी, अंडी, दूध हे सगळे पगारातून येते, आणि भाडे, वीज व शाळेचा खर्च गेल्यावर त्यासाठी जे उरते ते वीस तारखेपर्यंत पुरते. त्यानंतर ताटात भात आणि पातळ आमटी राहते. शेवटच्या आठवड्यात मावशी सकाळी चहाबरोबर एक खारी खाऊन, गोळी घेऊन सात वाजता घराबाहेर पडत आणि पहिले जेवण दुपारी अडीचनंतर जेवत.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न गेलेले असो वा नसो. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा असे होत नाही. म्हणजे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात भाताचे ढीग आणि शेवटच्या आठवड्यात रिकाम्या पोटी तीच गोळी, अशी स्थिती होती. एचबीए१सी या दोन्ही काळांची सरासरी दाखवते आणि तीत खालचे आकडे झाकले जातात. सरासरी पाहून गोळी वाढवली की महिनाअखेरचा धोका आणखी वाढतो. हे केवळ लोहियानगरमध्ये घडते असे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या रुग्णालयांतील नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतील लोक साखर उतरल्यामुळे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या तुलनेत शेवटच्या आठवड्यात २७ टक्के अधिक प्रमाणात दाखल होत असल्याचे आढळले होते. चांगल्या उत्पन्नाच्या वस्त्यांत असा फरक नव्हता. देश वेगळा, अन्न वेगळे, पण महिन्याचे गणित तेच.

मावशींच्या वजनाबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण मधुमेह म्हटला की ‘खाणे कमी करा’ हा सल्ला तोंडात बसलेला असतो. पुण्याने या बाबतीत जगाला शिकवले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेल्या माता-पोषण अभ्यासातून, आपल्याकडची बाळे वजनाने इंग्लंडमधील बाळांपेक्षा कितीतरी हलकी असली तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून असते आणि कमी पडतात ते स्नायू, हे पुढे आले. दिसायला बारीक, स्नायूंचे वजन कमी आणि तरीही मधुमेह, अशी माणसे आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांना उपास घडवणे हा उपचार होऊ शकत नाही. मावशींना कमी अन्न नको होते. अधिक प्रथिने, अधिक चोथा (तंतुमय पदार्थ), भाताचा बेताचा वाटा आणि वेळेवरचे जेवण हवे होते.

त्याप्रमाणे डबा आखला. दिवसाचे १,५०० उष्मांक आणि त्यांपैकी जवळपास निम्मे कर्बोदकांतून, असा हिशेब धरला. पण खरी अडचण वेळेची होती. मावशी अडीचला घरी येतात म्हणून डबा अडीचला देण्यात अर्थ नव्हता, कारण साखर अकराला उतरत होती. म्हणून पहिला डबा सकाळी पावणेसातला, निघण्यापूर्वी, हातात मिळेल अशी व्यवस्था केली. त्यात दोन भाग होते. एक तिथेच बसून गोळीबरोबर खायचा: मुगाचे धिरडे किंवा भाज्या घातलेला नाचणीचा उत्तप्पा आणि दही. दुसरा बरोबर न्यायचा आणि दुसऱ्या घरचे काम संपले की साडेदहाला खायचा: प्रत्येकी ४० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची किंवा चवळीची उसळ आणि कोरडी पालेभाजी. दोन भाकऱ्यांत साधारण ५४ ग्रॅम कर्बोदके येतात, आणि ज्वारीत चोथ्याचे प्रमाण शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास असते, तर पॉलिश केलेल्या तांदळात ते तीन ग्रॅमही नसते. संध्याकाळच्या डब्यात एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण, भाजी, कोशिंबीर आणि अर्धी वाटी भात. भात पूर्ण बंद केला नाही. ज्या घरात रेशनचा तांदूळच मुख्य अन्न आहे तिथे भात बंद असे लिहून देणे म्हणजे सल्ला न पाळण्याची सोयच करून देणे होय.

कामाच्या घरी डबा उघडायचा कुठे, ही बाब वरवर लहान दिसते, पण पहिले चार दिवस डबा त्यामुळेच न उघडता परत आला. मालकिणीसमोर बसून जेवणे मावशींना प्रशस्त वाटत नव्हते. आमच्या समाजसेविकेने त्या घरच्या काकूंशी बोलून आजाराची कल्पना दिली. त्यानंतर स्वयंपाकघरातला एक कोपरा आणि दहा मिनिटे मिळाली. घरकाम करणाऱ्या बायकांच्या आहाराची कोणतीही योजना आखताना या दहा मिनिटांचा विचार आधी करावा, असे मला मनापासून वाटते.

औषधाचे निर्णय डॉक्टरांनी घेतले. डबा सुरू होताच ग्लिमेपिराइडची मात्रा निम्म्यावर आणली आणि चौथ्या आठवड्यात ते थांबवून सिटाग्लिप्टिन दिले, ज्याने एकट्याने साखर धोकादायक रीतीने उतरण्याची शक्यता फारच कमी असते. या औषधाचे पेटंट २०२२ मध्ये संपल्यापासून ते जनऔषधी केंद्रात परवडणाऱ्या दरात मिळते. ज्या रुग्णाच्या जेवणाची खात्री नाही तिच्यासाठी औषध निवडताना हा विचार आधी व्हायला हवा, आणि तो होण्यासाठी रुग्णाला जेवणाबद्दल विचारावे लागते. दोन प्रश्न पुरतात: पैसे हातात येण्याआधीच घरातले खायचे संपेल अशी काळजी गेल्या वर्षभरात वाटली का, आणि आणलेले संपले पण पुन्हा आणायला पैसे नव्हते असे झाले का. मात्र हे प्रश्न भरलेल्या बाह्यरुग्ण विभागात, टेबलापलीकडून विचारून चालत नाहीत. मावशींनी पहिल्यांदा दोन्हींना ‘नाही, भागतं आमचं’ असेच उत्तर दिले होते. सून बाजूला बोलली तेव्हा खरे कळले.

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. सकाळची साखर सुधारत होती, दुपारची थोडी सुधारत होती, पण रात्री झोपण्यापूर्वीचे आकडे कधी ८० तर कधी २१० असे होते आणि वजन तसूभरही वाढत नव्हते. संध्याकाळचा डबा पोहोचवणाऱ्या ताई एकदा पावसामुळे दारातच थांबल्या, तेव्हा त्यांना दिसले की डबा उघडताच थोरला नातू येऊन बसला, त्याला एक भाकरी आणि वरण गेले, धाकट्याला भाजी गेली, आणि मावशींनी घरातला भात वाढून घेतला. विचारल्यावर त्यांनी काही लपवले नाही. ‘पोरं समोर बसल्यावर माझ्या घशाखाली घास उतरेल का, ताई?’ एवढेच त्या म्हणाल्या.

यावर रुग्णाला समज देणे हा उपाय नव्हता, आणि कोणी तसा सुचवलाही नाही. भुकेल्या घरात एका माणसाचा डबा पाठवला तर तो वाटला जाणारच, आणि वाटला जावा अशीच आपल्या घरांची रीत आहे. म्हणून मदतीची रचना बदलली. दर महिन्याच्या वीस तारखेला घरासाठी एक शिधा सुरू केला: तूरडाळ, मसूर, शेंगदाणे, तेल, ज्वारीचे पीठ आणि दोन डझन अंडी. धाकट्या नातवाचे नाव शिधापत्रिकेवर चढवण्यासाठी समाजसेविका सुनेबरोबर कार्यालयात गेली. ते नाव लागायला संपूर्ण कालावधी गेला, पण लागले. शिधा आल्यानंतर संध्याकाळचा डबा बऱ्याच अंशी मावशींच्याच पोटात जाऊ लागला. बऱ्याच अंशी म्हणते, कारण नातवांना एखादा घास जातच होता, आणि तो हिशेबात धरून डब्यात अर्धी भाकरी जास्त ठेवली.

मध्येच आषाढीची वारी आली. ज्ञानेश्वर माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामाला असते. त्या काळात आसपासचे रस्ते वाहनांना बंद असतात आणि बोळाबोळांत मंडळांकडून वारकऱ्यांसाठी अन्नदान चालते. त्यामुळे दोन प्रश्न एकदम उभे राहिले. डबा पोहोचवणाऱ्या ताईंना दुचाकी लांब लावून चालत यावे लागले, ते जमले. दुसरे कठीण होते. एरवी महिनाअखेरीस ज्या गल्लीत भाजी शिजत नाही, तिथे दोन दिवस शिरा, पुरी-भाजी, लाडू आणि केळी यांची रेलचेल होती, आणि मावशी स्वतः वाढपात होत्या. साखर ३०० च्या वर गेली. प्रसाद नाकारा असे त्यांना सांगणे आम्हाला कुणालाच योग्य वाटले नाही. शिरा चमचाभर, पुरीऐवजी डब्यातली भाकरी आणि मंडळाची भाजी, एवढे ठरले आणि दुसऱ्या दिवशी ते त्यांनी पाळले.

एकादशीचा उपास मोडण्याचा प्रश्नच नव्हता. स्वयंपाकघराने साबुदाण्याची खिचडी टाळून भगर बेताची, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे थालीपीठ, काकडीची कोशिंबीर आणि ताक असा उपासाचा डबा केला, आणि औषधांचे काय करायचे ते डॉक्टरांनी आदल्या भेटीत कागदावर लिहून दिले होते. बचत गटातल्या ज्या बाईंनी हा डबा सुचवला त्या स्वतः पंढरीची वारी केलेल्या आहेत. पोषणशास्त्र मला येते, पण उपासाच्या दिवशी वस्तीत काय खाल्ले जाईल आणि काय तसेच राहील हे त्या अधिक जाणतात.

बारा आठवड्यांनंतर एचबीए१सी ९.४ वरून ८.३ वर आली. वजन ४३ वरून साडेचव्वेचाळीस किलो झाले, आणि या प्रकरणात ते वाढणे हे यश आहे. शेवटच्या सहा आठवड्यांत ७० च्या खालची एकही नोंद नाही. यातील किती श्रेय डब्याचे आणि किती बदललेल्या औषधाचे, हे एका रुग्णावरून वेगळे काढता येणार नाही आणि तसा दावा मी करत नाही. शिवाय आठाच्या पुढची एचबीए१सी अजूनही जास्तच आहे.

जगभरातला अनुभव याच दिशेचा आहे. आजारानुसार शिजवलेले जेवण घरी पोहोचवण्याची पद्धत अमेरिकेत एड्सच्या साथीत, १९८५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कमध्ये रुजली. बोस्टनच्या ‘कम्युनिटी सर्व्हिंग्ज’ या संस्थेच्या जेवणावर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अन्नाची शाश्वती नसलेल्या मधुमेहींना बारा आठवडे आठवड्याला दहा जेवणे दिली गेली. आहाराचा दर्जा शंभरपैकी सुमारे ४० वरून ७१ वर गेला आणि साखर उतरल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ६४ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर आले. एचबीए१सीमध्ये मात्र ठोस फरक दिसला नाही. त्यानंतरच्या एका मोठ्या चाचणीत मधुमेहींना आठवड्याला दहा जेवणांचा शिधा आणि आहारसल्ला दिला असता एचबीए१सी दीड टक्क्याने उतरली, पण ज्यांना ही मदत नव्हती त्यांचीही १.३ टक्क्यांनी उतरली. हे निष्कर्ष वाचून डबा निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल. डब्याचे मोजमाप केवळ एचबीए१सीने केले तर जिन्यात घडला तसा प्रसंग टळला याची नोंद कुठेच होत नाही.

खर्चाचा विचार करू. दोन वेळचा डबा, पोहोचवण्यासह, दिवसाला साधारण १३० रुपयांना पडला. राज्यात २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेली शिवभोजन थाळी लाभार्थीला दहा रुपयांत मिळते. तिच्यात दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि वरण ठरलेले आहे. पोट भरण्यासाठी ती योजना महत्त्वाची आहे, पण भाताचा वाटा मोठा आणि जेवण केंद्रावर जाऊनच घ्यायचे असल्याने मावशींच्या साडेदहाला ती उपयोगी पडत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयातील उपचारांचा खर्च उचलते. रुग्णालयात जावेच लागू नये म्हणून लागणाऱ्या जेवणाला तिच्यात जागा नाही. तरीही औषधाबरोबर अन्न देणे हे शासनाने क्षयरोगाच्या बाबतीत मान्य केलेले आहे. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला उपचारकाळात महिन्याला पाचशे रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार रुपये झाले. झारखंडमधील चाचणीत शिध्याच्या पिशवीमुळे रुग्णांच्या घरच्यांना क्षय होण्याचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे २०२३ मध्ये दिसून आले. मधुमेहावरील गोळी रिकाम्या पोटी देणे त्या दिवशीच धोक्याचे असते, तेव्हा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्या आणि अन्नाची शाश्वती नसलेल्या रुग्णांपुरती तरी अशी तरतूद व्हावी, ही आमची मागणी आहे.

निधी बारा आठवड्यांचाच होता. तो संपताना सगळेच एकदम थांबवले नाही. रोजचा डबा बंद झाला आणि त्याजागी वीस ते तीस तारखेपर्यंतचा सकाळचा डबा व घरचा शिधा एवढे पुढच्या सहा महिन्यांसाठी ठेवले. त्याचा खर्च दवाखान्याचा निधी आणि दोन देणगीदार मिळून करतात. मावशींच्या कार्डावर डॉक्टरांनी औषधे दोन रकान्यांत लिहिली आहेत: जेवण मिळालेल्या दिवशी काय घ्यायचे आणि जेवण चुकले तर काय वगळायचे. सून अजूनही महिनाअखेरचे आकडे दिनदर्शिकेवर लिहिते. पुढची एचबीए१सी दिवाळीनंतर करायची ठरली आहे. भाऊबीजेच्या आसपास बचत गटाच्या बायका माहेरी जातात आणि स्वयंपाकघर काही दिवस बंद असते. त्या दिवसांचा शिधा आधीच पोहोचवायचा आहे, आणि त्यात काय असावे याची यादी यावेळी सून करणार आहे.